शिमग्यापर्यंत

जानेवारीत रत्नागिरीला कोण जातं, असं ठाकुर्लीच्या चाळीत जो तो विचारत होता. शाळा चालू, आंब्याला नुसता मोहोर, गावाकडे ना सण ना लग्न. रतन सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "ह्यांना हवापालट सांगितलाय."

ते अगदीच खोटं नव्हतं. डिसेंबरात नौपाड्यातल्या डॉक्टरांनी उत्तमच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "आता मनात येईल तिथे जाऊन या." उत्तमने विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांना वाटलं तो रजेचं विचारतोय. ते म्हणाले, "आठ-दहा दिवस जा की." मग उत्तमचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा काढला. "तीनेक महिने," ते हळू आवाजात म्हणाले.

उत्तम डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत एकोणीस वर्षं होता. दर मे महिन्यात ओव्हरटाइम लागायचा आणि दर मे महिन्यात कोकणात जायचं राहायचं. घरात तो, रतन, नववीतली वैजू आणि त्याची आई आवडाबाई. चौघं एका खोलीत. आयेला कळता कामा नये, अशी त्याने रतनला शपथ घातली होती. आवडाबाईंच्या लेखी तो साधा खोकला होता. त्या दोन वेळा अडुळशाचा काढा उकळायच्या आणि तो मुकाट प्यायचा.

कल्याणहून सकाळच्या एसटीने निघाले ते रत्नागिरीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. दामाजी, उत्तमचा थोरला भाऊ, तिथेच राहायचा. तरी उत्तम म्हणाला, "दोन दिवस लॉजवर राहू. आपण आपले. मग दादाकडे जाऊ." लॉजवाल्याने सतरा खोल्यांपैकी दोनच उघड्या ठेवल्या होत्या. "सीझन मे महिन्यात," तो गाद्यांवरची धूळ झटकत म्हणाला. "आचारी पण सुट्टीवर. चहा देईन, जेवण बाहेर बघा."

दुसऱ्या दिवशी ते भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. चिटपाखरू नव्हतं. भेळेची एक गाडी ताडपत्री बांधून उभी होती. गार वारा नाकातोंडात शिरत होता आणि उत्तम दर पाच पावलांवर थांबत होता. आवडाबाई मात्र कितीतरी वर्षांनी खुशीत होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून त्या पाण्यात उभ्या राहिल्या, वैजूला ओढून घेतलं, आणि लाट आली की पोरीसारख्या किंचाळत होत्या.

"बघ, आये कशी खेळतेय," उत्तम वाळूत बसत म्हणाला. मग म्हणाला, "उद्या तिला दादाकडे ठेवायचंय."

"चार दिवस?"

"नाही. कायमची. मी दादाला पत्र टाकलेलं. तो हो म्हणालाय."

रतनला आधी काही कळेचना. "म्हणून आणलंत आम्हाला? हवापालट म्हणून?"

"तिच्यासमोर मला जाता येणार नाही गं. आणि मागाहून तुला नोकरी शोधावी लागेल. तिचं कोण बघणार?"

"अहो, आई आहेत त्या तुमच्या. त्यांना शेवटचं भेटू पण देणार नाही?"

"ही भेटच आहे की," तो म्हणाला आणि खोकायला लागला. खोकला थांबेना. आवडाबाई तिकडून ओरडल्या, "वाऱ्यात बसू नको रे! वैजू, जा, बापाला चहा पाज जा." वैजू धावत आली आणि त्याला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या टपरीवर घेऊन गेली.

आवडाबाई पाण्यातून येऊन रतनशेजारी टेकल्या. सासू-सून दोघीच उरल्या. सोळा वर्षांत या बाईशी रतन किती भांडली होती! भाजीच्या मिठावरून, नळाच्या वेळेवरून, वैजूच्या केसांवरून. घर वेगळं व्हावं म्हणून तिने नवसही बोलला होता. आणि आता उत्तम गेल्यावर आपल्याइतकंच रडणारं दुसरं माणूस जगात फक्त हेच, हे तिला त्या वाळूत बसल्याबसल्या कळलं. शपथ गेली चुलीत, सांगून टाकावं, असं ठरवून ती म्हणाली, "आई, ह्यांची तब्येत..."

"हटेल गो," आवडाबाई पायाची वाळू झाडत म्हणाल्या. "लहानपणी पण असाच खोकायचा. माझं म्हणशील तर, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून जायचं, बस. दुसरं देवाकडं मागणं नाय."

रतनने वाक्य तिथेच सोडलं आणि त्यांच्या लुगड्याचा ओला काठ पिळून दिला.

दामाजीचं घर मांडवीच्या बाजूला होतं. पुढे ओटी, मागे विहीर. त्याची बायको विमलाबाई घावणे काढत होती. दामाजी भावाच्या तोंडाकडे बघेना. सारखा आत-बाहेर करत होता. शेवटी विमलाबाईनेच विषय काढला. "आई, आता आल्याच आहात तर शिमग्यापर्यंत राहा. गावची पालखी बघून जा."

आवडाबाईंनी उत्तमकडे पाहिलं. "राहू काय रे? तुझं काढ्याचं कोण बघील?"

"रतन बघेल. राहा तू," तो म्हणाला.

त्या राहिल्या. आनंदाने राहिल्या, हेच रतनला सहन होईना. निघायच्या दिवशी त्या स्टँडपर्यंत आल्या. गाडी लागली तेव्हा उत्तम खाली वाकला आणि त्याने आईच्या पायावर डोकं ठेवलं. त्याला उठवावं लागलं. "असा काय करतोस? परदेशात चाललास काय?" आवडाबाई हसल्या. गाडी हलल्यावर खिडकीखालून चालत राहिल्या. "शिमग्याला न्यायला ये."

"येतो गो आये."

हातखंबा येईपर्यंत तो खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. वैजूने बापाची शाल नीट केली. पोरीला सगळं ठाऊक होतं.

मार्चच्या चार तारखेला, दुपारी, वैजूची परीक्षा चालू असताना उत्तम गेला. चाळीतल्या प्रभाकरभाऊंनी तार केली. दामाजी दुसऱ्या दिवशी आला तो एकटाच.

"आई?" रतनने विचारलं.

"तिला नाही सांगितलं. ऑफिसच्या कामाला चाललोय म्हणालो." तो भिंतीला टेकून खाली बसला. "गाठोडं बांधून ठेवलंय तिने. पालखी झाली की उत्तम न्यायला येतोय, म्हणते. मला नाही जमणार, रतन. मी नाही सांगू शकणार."

तेरावा झाला. महिनाभर तरी बाहेर पडू नये, असं शेजारणी म्हणत होत्या. रतनने ऐकलं नाही. वैजूला घेऊन ती दामाजीबरोबर गाडीत बसली. वाटेत ती मनाशी वाक्यं जुळवत होती. कशी सुरुवात करायची, काय आधी सांगायचं, काय नाहीच सांगायचं.

त्यातलं एकही वाक्य लागलं नाही. आवडाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. फाटकाचा आवाज ऐकून त्यांनी हसतच वर पाहिलं आणि रतनचं कपाळ पाहिलं.

त्या ओरडल्या नाहीत. सूप मांडीवरून खाली सरकलं, तांदूळ सांडले. विमलाबाई आतून धावत आली, वैजू आजीच्या गळ्यात पडली. आवडाबाई बोलल्या, फक्त रतनशी.

"आपण समुद्रावर बसलेलो, तेव्हा तुला ठाऊक होता?"

खोटं बोलता आलं असतं. दामाजी मागून खूण करत होता. "हो आई," रतन म्हणाली.

"मी मांडीचं बोलले, तेव्हा पण?"

"हो."

आवडाबाईंनी वैजूचे हात गळ्यातून सोडवले. भिंतीला धरून उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कडी लावली. रतन दाराशी बसून विनवत राहिली. ह्यांची शपथ होती म्हणाली, चुकले म्हणाली, माझ्याबरोबर घरी चला म्हणाली. आतून हुंदकाही आला नाही.

तीन दिवस ती तिथे राहिली. आवडाबाई तिसऱ्या दिवशी बाहेर आल्या, दोन घास जेवल्या, वैजूच्या डोक्याला तेल लावून दिलं. रतनकडे त्यांनी पाहिलं नाही. गावात पालखी नाचत होती, ढोल ऐकू येत होते. निघताना रतन पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

ठाकुर्लीच्या त्या खोलीत त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. रतनने पत्रं टाकली. उत्तरं विमलाबाईच्या अक्षरात यायची, आई बऱ्या आहेत एवढीच.