मनमाया आली त्या दिवशी

माण तालुक्यातल्या त्या वस्तीवर दीपमाला अकरा वर्षं आशाताईचं काम करत होती. ते बघायला कुणी परदेशातून येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आली ती मनमाया गुरुंग, नेपाळची, तेवीस वर्षांची शिकाऊ पोरगी. तिकडच्या गावांतल्या आरोग्यसेविकांसोबत तिला पुढं काम करायचं होतं, म्हणून इकडं कसं चालतं ते बघायला तिला महिनाभर साताऱ्याला धाडलं होतं. हिंदी चांगली बोलायची. अंगानं बुटकी, पण चढावर दीपमालेच्या पुढं.

सकाळी चार घरं झाली. पाचव्या घराकडं जाताना मनमायानं चालता चालताच रजिस्टर चाळलं आणि ती थांबली.

"दीदी, ये रेश्मा सात महीने पेट से है. दो बार गिरी?"

"हां. आंगन में फिसलन है."

"गले पर चोट लिखी है. गिरने से गले पर?"

दीपमालेनं रजिस्टर परत घेऊन पिशवीत टाकलं. गळ्यावर उठलेली पाच बोटं तिनं स्वतः पाहिली होती. रेश्माचा नवरा जयराज मुंबईला टेम्पो चालवायचा आणि सुट्टीला आला की तिला बडवायचा. सासू हरणाबाई दारातच सांगायची, "पडली गं, दुसरं काय न्हाई." जयराजच्या चुलत्याचा गावात दरारा होता आणि दीपमालेला त्याच गावात राहायचं होतं. तिनं दोन्ही वेळा तेच लिहिलं.

घर जवळ आलं तसा आतून आवाज यायला लागला. ओली गोधडी दगडावर आपटावी तसा. हरणाबाई शेळ्यांपाशी कानांवर हात ठेवून बसली होती.

"आत जाऊ नगंस," ती म्हणाली. "म्हायेराला बाळंतपणाला जाते म्हणली म्हणून लय तापलाय."

दीपमाला थबकली. मनमाया थांबली नाही. तिनं खांद्यानं दार ढकललं.

रेश्मा भिंतीच्या कडेला पोट दोन्ही हातांत धरून मुटकुळं करून पडली होती. जयराजच्या हातात जळणातलं बाभळीचं लाकूड होतं. ते पुन्हा वर गेलं तशी मनमायानं रेश्मावर अंग झोकून दिलं. घाव तिच्या पाठीत बसला. ती कळवळली, पण हलली नाही.

"कोण हाय ही? कुणाला घरात आणलंस गं?" जयराज दीपमालेवर ओरडला आणि त्यानं मनमायाच्या बरगडीत लाथ घातली. एक, दोन, तीन.

दीपमालेनं त्याचा हात धरला. त्यानं तो हिसडला आणि लाकूड तिच्या मनगटाच्या वर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. तिनं दुसऱ्या हातानं त्याचा सदरा पकडला, त्याच्या दंडाला कडकडून चावली. त्यानं तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. कपाळावरनं डोळ्यांवर रक्त ओघळलं, समोरचं दिसेना. पुन्हा आपटणार, तोच तो स्वतःच गुडघा धरून किंचाळत खाली बसला.

मागं हरणाबाई उभी होती. दोन्ही हातांत पाट्यावरचा वरवंटा.

"आये!"

"माजी बी दोन पोटातच गेली रं," ती म्हणाली, आणि पुन्हा त्याच गुडघ्यावर वरवंटा घातला. "तुज्या बापानं घालवली. मी गप ऱ्हायले." तिसऱ्यांदा घातला. तो हात जोडत होता. मनमाया भिंतीला धरून उठली आणि तिनं म्हातारीला मागून कव घातली, तेव्हा वरवंटा खाली पडला.

रेश्माच्या लुगड्याखालून रक्त वाहत होतं. मनमायानं तिला डाव्या कुशीवर वळवलं, घडी घातलेल्या साड्या लावल्या आणि तिची नाडी धरून बसली. श्वास घेताना तिचा स्वतःचा चेहरा पिळवटत होता. दोन बरगड्या मोडल्यात हे नंतर कळलं. दीपमालेनं डाव्या हातानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती यायला पाऊण तास गेला.

साताऱ्याच्या दवाखान्यात रेश्मा वाचली. पोटातली मुलगी आधीच गेली होती.

पोलीस यायच्या आत जयराजचा चुलता दीपमालेच्या खाटेपाशी आला. "ताई, रजिस्टरात लिवलंय तेच सांगा. पडली म्हणून."

पोलिसांना दीपमालेनं सगळं सांगितलं. रजिस्टरात आपण दोनदा खोटं लिहिलं हेही. त्यापायी तिची चौकशी लागली, काम थांबलं. हरणाबाईनं मुलाविरुद्ध जबाब दिला आणि त्याचा गुडघा आपणच फोडला हेही लपवलं नाही. जयराजला दवाखान्यातूनच अटक झाली.

मनमाया जबाब होईपर्यंत थांबली. निघताना म्हणाली, "दीदी, पहली बार में बता दिया होता तो..." आणि पिशवी उचलली. दीपमालेनं मान खाली घातली.

बाराव्या दिवशी रेश्माचे वडील आकाराम कवठे महांकाळहून जीप घेऊन लेकीला न्यायला आले. दीपमालेनं प्लास्टरातल्या हातानंच तिची पिशवी गाडीत ठेवली. इतक्या दिवसांत रेश्मा तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

"तुमाला ठावं हुतं न्हवं?"

"व्हय," दीपमाला म्हणाली.

रेश्मानं काच वर केली. जीप निघाली.