साडेतीन मीटर

बन्सीचं पत्र आलं ते चौथ्या दिवशी. डोंगर फुटल्याची बातमी आधी आली आणि पत्र मागाहून.

१९९१ चा जून. बन्सी शेतकी पदविका झालेला, दहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानला गेलेला. तिथं एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी म्हाताऱ्या जोडप्याच्या तंबाखूच्या शेतावर तो राहत होता. डोंगरातून तापलेली राख ओढ्यासारखी खाली धावली आणि तो बेपत्ता झाला, एवढंच प्रशिक्षण केंद्रानं तारेनं कळवलं होतं.

त्याची बायको सरू वेरूळ-अजिंठ्याला जपानी पर्यटकांची गाइड. पुण्यात राहून ती जपानी शिकली होती. पत्र हातात पडलं तशी ती उभ्यानंच वाचू लागली. बन्सीनं ते डोंगर फुटण्याच्या आठवडाभर आधी लिहिलं होतं.

"इथल्या लोकांना शाळेत हलवलंय. पण म्हातारा ऐकत नाही. रोज दुपारी आम्हाला घेऊन वर तंबाखूच्या कोठीत जातो. कोठी पक्की आहे, सिमेंटची, पाण्याची टाकी आतच. वाट आपल्या मळ्याच्या वाटेसारखी, दोन्हीकडून दगडी बांध. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर कणे घासतील एवढीच."

"म्हंजे पोरगं कोठीत आसंल," तिचे सासरे नानासाहेब म्हणाले. हर्सूलहून ते तीन दिवसांपूर्वी आले होते आणि तेव्हापासून आडवे झाले नव्हते. "सांग त्यांना. आत्ताच्या आत्ता सांग."

दोघं छावणीच्या बाजारात जब्बारभाईच्या टेलिफोन बूथवर गेली. सकाळचे साडेनऊ, जपानात दुपारचा एक. तिथल्या नगरपालिकेचा फोन सहाव्या खेपेला लागला. मोरिता नावाच्या कारकुनानं यादी पाहिली.

"ते कुटुंब शाळेत नोंदलेलं आहे. वरच्या शोधयादीत त्यांचं नाव नाही."

"नोंद सकाळची असेल. दुपारी ते वर जात होते. माझ्या हातात पत्र आहे."

मोरिता म्हणाला, "चाकांची गाडी तिकडं जातच नाही. टायर वितळतात. लष्कराच्या पट्ट्यांच्या दोन गाड्या आहेत, 'टाइप त्र्याहत्तर' नमुन्याच्या. त्यांचा प्रमुख इथंच आहे. बोला."

"काय म्हणतो?" नानांनी विचारलं.

"लष्कराची गाडी जाणार म्हणे. रणगाड्यासारखी, साखळीवर चालणारी. आत सैनिक बसतात."

"मंग जाऊ दे की!"

पलीकडून जाड आवाज आला. सार्जंट ओकुबो. त्यानं कोठीची जागा विचारली, टाकी विचारली. मग म्हणाला, "ती वाट खाजगी आहे, नकाशात तिची रुंदी नाही. माझी गाडी दोन मीटर नव्वद. राखेत पट्टा सरकतो. बांधावर चढला तर गाडी अडकते, आणि खाली तापलेली राख. तीन मीटर चाळीसपेक्षा कमी वाट असेल तर मला परवानगी नाही. रुंदी सांगा. तीन वाजता मी निघतो. आज शेवटची फेरी, उद्यापासून वर जाणं बंद."

"अर्ध्या तासात सांगते," सरू म्हणाली.

बाजाराच्या तोंडाशी कडब्याची बैलगाडी उभी होती. सरूकडून रुंदीची अडचण कळताच नाना गाडीवानाला काही न सांगता खाली वाकले. सरूनं शेजारच्या टेलरकडून टेप आणली होती. कण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फूट दोन इंच.

"आपली गाडी?" सरूनं विचारलं.

"हीच. ह्याच मापाची. दोन इंच हिकडंतिकडं."

सरूनं टेलरच्या खडूनं फरशीवर हिशेब मांडला. दोन गाड्या, दहा फूट चार इंच. तीन मीटर पंधरा. तिनं पुन्हा मांडला. तेवढंच आलं.

नानांना मीटर कळत नव्हते, पण सुनेचा चेहरा कळत होता. "कमी पडलं व्हय?"

ती बूथमध्ये गेली, दार लावून घेतलं. फोन लागला. ओकुबोनं एवढंच विचारलं, "किती?"

त्या गाडीत कोण बसणार, हे तिला ठाऊक नव्हतं. कुणाची तरी पोरं.

"साडेतीन मीटर," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझा नवरा शेतकरी आहे. त्याचा अंदाज चुकत नाही."

"जातो," ओकुबो म्हणाला.

मग दुपारभर दोघं बूथच्या बाकड्यावर बसून राहिली. जब्बारभाईनं दोनदा चहा आणला, दोनदा तो निवला. "बेटी, कुछ खा ले," तो म्हणाला. सरूनं नको म्हणून मान हलवली. फोन आला तेव्हा साडेचार वाजले होते.

ओकुबोचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. गाडी कोठीच्या शंभर पावलं अलीकडं बांधांमध्ये अडकली. सैनिक उतरून पायी गेले. म्हातारी हात्सु कोठीत जिवंत होती, टाकीजवळ. म्हातारा आणि बन्सी दारापाशी सापडले. म्हातारा बाहेर राहिला होता, बन्सी त्याला आत ओढत होता. पहिल्याच दिवशी गेले असावेत. मग दुसऱ्या गाडीनं अडकलेली गाडी ओढून काढली. ओढायची साखळी लावताना एका सैनिकाचे दोन्ही हात भाजले.

"वाट मी मोजली," तो म्हणाला. "तीन मीटर दहा."

"मला माहीत होतं," सरू म्हणाली. "मी खोटं बोलले."

"हात भाजलेला तो मुलगा वीस वर्षांचा आहे," ओकुबो म्हणाला, आणि फोन ठेवला.

नाना दाराशी उभे होते. सरूनं त्यांना आधी बन्सीचं सांगितलं, मग आकड्याचं. काही लपवलं नाही. नाना खाली बसले, बाजाराच्या मधोमध, रस्त्यावरच. माणसं वळून गेली.

"चार मीटर म्हणली आसतीस तरी मी तुला बोललो नसतो," ते म्हणाले. "पर त्या पोराच्या आईला काय सांगायचं गं?"

बन्सीच्या अस्थी जुलैत आल्या. त्यानंतर तिनं त्या सैनिकाला जपानीतून पत्र लिहिलं, ओकुबोच्या पत्त्यावर. माफी मागितली, आणि कणा, टेप, फरशीवरचा हिशेब, सगळं जसं झालं तसं लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा लिहिलं. हात्सु आजीचं मात्र पत्र आलं. त्यात आजीनं विचारलं होतं, बन्सी मला जे म्हणायचा त्या 'आजी' शब्दाचा अर्थ काय होतो?