डिझेलवालीची उपाशीपोटी तपासणी

जुनी गाडी घ्यायला गेलात, तर सांगा बरं, सगळ्यात आधी काय विचाराल? लिटरला किती चालते, हेच ना? माझ्यासमोर उभं राहून आजवर शंभर माणसांनी हेच विचारलं असेल. आपला रोजचा रस्ता किती लांब आहे, हा विचार करून आलेली एकच बाई मी पाहिली. तिचीच ही गोष्ट, आणि थोडी माझी.

मी एक हॅचबॅक बोलतेय. पांढरी, पाच दारांची, डिझेलवर चालणारी. उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही. एका जागी राहिले की माझा जीव गुदमरतो. तरी जुन्या गाड्यांच्या या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, मी आठ महिने उभी होते. फाटकाची कडी वाजली की वाटायचं, आता कुणीतरी येईल, किल्ली फिरवेल आणि म्हणेल, चल. माणसं यायची, टायरला लाथ मारून बघायची आणि निघून जायची. टायरला लाथ मारून त्यांना काय कळतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझा पहिला मालक पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकायचा. रोज दोनशे, कधी अडीचशे किलोमीटर. मागच्या सीटवर खोकी, पुढच्या सीटवर पावतीपुस्तकं, आणि तोंडाने बेसूर गाणं. तो गाण्याचा सूर सोडायचा, पण रस्ता कधी सोडला नाही. ते माझे सोन्याचे दिवस. इंजिन तासन्‌तास तापलेलं, धूर गाळणारी जाळी स्वच्छ, अंग हलकं. पुढे त्याला बढती मिळाली, बसायला खुर्ची मिळाली, आणि मी विकली गेले.

दुसरा मालक निवृत्त हेडमास्तर. ‘डिझेल स्वस्तात चालतं’ असं त्यांच्या जावयाने सांगितलं, म्हणून त्यांनी मला घेतलं. मला घेऊन ते जायचे कुठे? वाचनालयात आणि भाजीला. जाऊन-येऊन तीन किलोमीटर. इंजिन तापायला लागलं की घर यायचं. रोज सकाळी ते मला मऊ फडक्याने पुसत. सीटला कव्हरं शिवून घेतली होती, पायाखाली वर्तमानपत्र घालत. माया कमी नव्हती, रस्ता कमी होता.

माझ्यासारख्या इंजिनाला लांब पळवलं नाही तर आतली काजळी जळत नाही, जाळीत साचत जाते. एक दिवस वेगाच्या काट्याजवळ पिवळा दिवा लागला. हेडमास्तरांनी दोन दिवस त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. वर्गातल्या मुलांवर चालायचं ते दिव्यावर चालेना, तेव्हा सफरचंदावरचं गोल स्टिकर काढून त्याच्यावर चिकटवलं आणि म्हणाले, “आता बस गप्प.” मी गप्पच होते. आतून मात्र दाटत चालले होते. मग थंडीत मला सुरू करणारे हीटर प्लगही अशक्त झाले. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागे, पांढरा धूर निघे, सगळं अंग थरथरे. शेवटी मास्तरांनी ओल्या डोळ्यांनी मला इथे आणून सोडलं.

आवाराच्या मालकाने माझं ते स्टिकर खरवडून काढलं आणि मेकॅनिककडून दिवा घालवला. दिवा घालवता येतो, काजळी नाही. पण मालक हुशार. गिऱ्हाईकाचा फोन आला की तो आधी मला पाव तास चालू करून ठेवायचा. तापलेली असले की मी एका सेल्फला सुरू होते, अगदी शहाण्या मुलीसारखी.

माझ्या एका बाजूला गॅसवाली होती, दुसऱ्या बाजूला पेट्रोलवाली. तिघी एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या. वरून बघाल तर काडीचा फरक नाही.

त्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला आणि मालकाने मला सुरू केलं. माझा जीव टांगणीला लागला. थोड्या वेळाने एक जोडपं आलं. ती घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेणारी बाई. लहान मुलं तिला सुईमावशी म्हणतात, हे तिच्याच बोलण्यातून कळलं. तो एकोणीस वर्षं ट्रक चालवलेला, आता कमरेच्या दुखण्याने घरी बसलेला.

“बोला दादा, कोणती बघायची?” मालकाने नवऱ्याला विचारलं.

“डिझेल. दुसरं बघायचंच काय?”

“गाडी मी चालवणार आहे,” सुईमावशी म्हणाली. “मला विचारा की.”

मग तिने तिचं काम सांगितलं. पहाटे सव्वासहा ते नऊ, बावीस घरं, सगळी एकाच भागातली. दर दोन-तीन गल्ल्यांना थांबायचं, गाडी बंद, रक्त घ्यायचं, गाडी सुरू. साडेनऊच्या आत बर्फाच्या पेटीतल्या सगळ्या नळ्या प्रयोगशाळेत. आजवर ती स्कूटरवर जायची, पण धक्क्यांनी दोनदा नळीतलं रक्त खराब झालं होतं. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की सोमवारपासून चारचाकी असेल तरच फेरी, नाहीतर फेरी दुसरीला. आणि घर आता त्या फेरीवरच चालत होतं.

गॅसवालीची डिकी उघडली. आत टाकी ऐसपैस पसरलेली.

“पेटी कुठे ठेवू? टाकीच्या डोक्यावर?”

“मागच्या सीटवर ठेवा ना, ताई. गॅस किती स्वस्त पडतो बघा.”

“आणि पंपावर अर्धा तास रांगेत कोण उभं राहणार? रक्त थांबतं होय?”

गॅसवाली बाद झाली. राहिलो आम्ही दोघी.

“पेट्रोलवाली म्हणजे खेळणं गं,” दादा म्हणाले. “चढावर धापा टाकेल.”

“माझ्या फेरीत चढ एकच आहे. तुमचा आवाज.”

मालक खो खो हसला. दादाही हसले, पण थोडेसेच. मग ते माझ्या सीटवर बसले, अंगाला बेताने वळवत. त्यांचा हात गिअरवर पडला आणि मला माझा पहिला मालक आठवला. लांबच्या रस्त्याचा हात होता तो! त्यांनी सेल्फ मारला. मी लगेच सुरू झाले. त्यांचा चेहरा असा फुलला, की वाटलं आत्ताच्या आत्ता फाटक तोडून यांना घेऊन पळावं.

“ऐकलंस? काय आवाज आहे!”

सुईमावशीने काही ऐकलं नाही. तिने माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग पेट्रोलवालीच्या बॉनेटवर ठेवला. पुन्हा माझ्या.

“हिने नाश्ता केलाय,” ती म्हणाली.

“काय?”

“आत्ता तर चालू केली, मग एवढी गरम कशी?”

“उन्हाने हो, ताई.”

“पत्र्याखाली ऊन कुठून आलं? आणि आलं तर शेजारचीला सोडून हिलाच बरं लागलं?”

मालक फडकं शोधायला लागला. माणूस खोटं बोलताना सापडला की आधी हाताला काहीतरी काम शोधतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

“रोज बावीस घरं करते मी,” ती म्हणाली. ओरडून नाही, समजावल्यासारखी. “निम्मी माणसं सांगतात, पाण्याचा थेंब घेतला नाही. आणि मिशीला बिस्किटाचा चुरा! मग साखर वाढलेली दिसते, डॉक्टर गोळी वाढवतात, आणि चक्कर येऊन पडतं कोण? उपाशीपोटी बघितल्याशिवाय आतलं खरं कळत नाही. उद्या फेरीवर जाताना पावणेसहाला येते. दोघी मला उपाशी हव्यात.”

“या की. पहाटेच उघडून ठेवतो,” मालक म्हणाला. किती पहाटे, ते मला कळलंच.

तिलाही कळलं असावं. तिने पिशवीतून नळ्यांना लावायच्या चिठ्ठ्या काढल्या, दोन चिठ्ठ्यांवर तारीख, वेळ आणि सही केली. एक माझ्या चालकाच्या दाराच्या फटीवर चिकटवली, दुसरी पेट्रोलवालीच्या. बाकीच्या दारांनाही एकेक.

“अहो ताई, हे काय!”

“सील. काढलं की फाटतं, परत चिकटत नाही. राग मानू नका, सवय आहे मला.”

फाटकाशी, माझ्या अगदी मागे, ती दोघं थांबली.

“चारचौघांत माणसाला असं करतात का?” दादा चिडून म्हणाले.

“मी काय केलं? तपासते म्हटलं फक्त.”

“तुझं पेट्रोलवर मन बसलंय. सरळ सांग ना.” मग त्यांचा आवाज खाली आला. “डिझेलचं मला कळतं गं. काही बिघडलं तर मी हात घालीन. पेट्रोलवाली आणलीस तर मी काय करायचं? तू गेलीस की नऊपर्यंत छताकडे बघत पडायचं?”

तिने पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला.

“अहो, माझ्या फेरीतल्या साठे काकांसारखी साखरेचा आजार असलेली किती म्हातारी माणसं माझी वाट बघत उपाशी बसलेली असतात,” ती म्हणाली. “मला उशीर झाला तर त्यांचे हात थरथरायला लागतात. उद्या ही पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू झाली, तर हीच घेऊ. तुमच्या शब्दाबाहेर नाही मी. पण नाही झाली, तर तुम्ही तोंड फुगवायचं नाही.”

“कबूल,” दादा म्हणाले.

ती संध्याकाळ मला खायला उठली. मला जायचं होतं हो! कुठेही, कुणाबरोबरही. दादांचा हात मला हवा होता. पण तो हात तर घरीच राहणार. मला मिळणार होत्या बावीस घरांच्या गल्ल्या. सुरू, बंद, सुरू, बंद. पुन्हा तीच काजळी. आणि एखाद्या थंड सकाळी मी हटून बसले, की त्या बाईची फेरी गेली. तिकडे कुणीतरी म्हातारं माणूस बाही वर करून, भुकेने कापत, दाराकडे बघत बसणार.

मला तोंड असतं तर मी मालकाला हाक मारून सांगितलं असतं, बाबा, माझा धूर लपवू नकोस. आणि तुम्हालाही सांगते. डिझेल वाईट नाही, पेट्रोल वाईट नाही, गॅसही वाईट नाही. ज्याला रोज लांब जायचंय त्याने माझ्यासारखीला खुशाल न्यावं, मी जन्मभर साथ देईन. पण भाजीला आणि वाचनालयाला नेण्यासाठी माझ्यावर माया करू नका. तेवढी एकच दया करा.

अंधार पडल्यावर गारठा वाढला. बॉनेटखालची ऊब हळूहळू निघून गेली. पेट्रोलवाली शेजारी निवांत होती. मी मात्र दारावरच्या त्या चिठ्ठीसारखी घट्ट ताणलेली. सुरू व्हावंसंही वाटत होतं, होऊ नये असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला शाबूत राहिलेल्या चिठ्ठ्या फाडून दादांनी स्वतः माझा सेल्फ पाच वेळा मारला, मी पांढरा धूर सोडून पाचही वेळा बंद पडले, पेट्रोलवाली पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि दादांनी बर्फाची पेटी उचलून तिच्या डिकीत ठेवली.