केसरचं कडवं

धनजी मेघवारने बडोद्याजवळच्या बाजव्यात, एका चाळीत, सुभानराव शिर्क्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली तेव्हा त्याच्याबरोबर बायको होती, नऊ वर्षांचा मुलगा होता आणि एक शिलाई मशीन होतं. ही माणसं सिंधमधल्या थरच्या वाळवंटातून, म्हणजे पाकिस्तानातून, व्हिसावर आली होती आणि परत जाणार नव्हती. सुभानराव रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे फिटर होते. ते स्वतःच साताऱ्याकडून पोटासाठी बडोद्याला आलेले, त्यामुळे आलेल्या माणसाचं त्यांना नवल नव्हतं. त्यांच्या बायकोने, शालिनीने, पहिल्या दिवशी शेजारी चहा नेऊन दिला आणि नळ कधी येतो ते सांगितलं. ओळख तेवढ्यावर झाली.

मुलाचं नाव खेताराम, घरात खेतो. शाळेत त्याला सगळे ‘पाकिस्तान’ म्हणत, मास्तरसुद्धा. गुजराती अक्षरं त्याला येत नव्हती. शिर्क्यांची उत्कर्षा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिने त्याला ओटल्यावर बसवून अक्षरं शिकवली. खेतो कमी बोलायचा. बोललाच तर त्याची गोष्ट एकच असायची, मोठ्या बहिणीची. केसरला व्हिसा मिळाला नाही, म्हणून ती एकटी तिकडे राहिली, असं तो सांगे. गाडी सुटली तेव्हा ती लाल ओढणी तोंडाशी धरून प्लॅटफॉर्मवर उभी होती. ती गाडीबरोबर पळत आली आणि मग दिसेनाशी झाली. उत्कर्षाने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तो प्लॅटफॉर्म आपणच पाहिलाय असं तिला वाटायचं.

कॉलेजात गेल्यावर खेतोला रॅपचा नाद लागला. तो ढाटकीत रॅप करायचा, म्हणजे थरच्या त्याच्या घरच्या बोलीत. कारण विचारलं तर म्हणायचा, इथे ती कुणाला कळत नाही, शिव्या देता येतात. उत्कर्षाने एका रविवारी गच्चीवर आपल्या फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. मागे रिफायनरीची चिमणी जळत होती. गाण्यात तीन कडवी होती. पहिलं शाळेवर, दुसरं दरवर्षी व्हिसासाठी घालाव्या लागणाऱ्या खेपांवर, आणि तिसरं केसरवर. खाली हिंदीत अर्थ उत्कर्षाने लिहिला, कारण खेतोला लाज वाटत होती.

महिनाभर तो व्हिडिओ चाळीतल्या लोकांनीच पाहिला. मग राजस्थानातल्या बाडमेरकडच्या कुणीतरी उचलला, तिथून तो सीमेपलीकडे गेला, कराचीतून दुबईत गेला आणि दुबईतून परत इकडे आला. लोक तिसऱ्या कडव्यावर रडतानाचे स्वतःचे व्हिडिओ टाकू लागले. काही जण त्याला परत जा म्हणून सांगत होते, काही देशद्रोही म्हणत होते, आणि तिकडचे काही जण तेच उलट बाजूने म्हणत होते. खातं उत्कर्षा सांभाळायची. शिव्या ती न वाचता पुसायची आणि बहिणीबद्दलच्या प्रतिक्रियांना हात जोडल्याचं चित्र पाठवायची. शालिनीला एकदा भाजीवालीने विचारलं, तो पोरगा तुमच्याच चाळीतला ना? त्या दिवशी ती तिथेच सगळं सांगत बसली आणि नेहमीपेक्षा उशिरा घरी आली.

मुंबईच्या एका कंपनीने खेतोशी करार केला. गाणं स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रित झालं. मुलाखती झाल्या. प्रत्येक मुलाखतीत आधी बहिणीबद्दल विचारत आणि तो सांगत असे. तो खोटं बोलत नव्हता. सांगता सांगता त्याचा आवाज भरून यायचा, आणि कॅमेरा बंद झाल्यावरही थोडा वेळ तसाच राहायचा.

केसरशी फोन होत असत, पण सणासुदीला, आणि बोलायची ती आई, खेमी. पाऊस झाला का, कुणाकडे काय झालं, शेळ्या किती, एवढंच. खेतोच्या हातात फोन आला की तो ‘बरी आहेस ना’ म्हणायचा आणि पुढे शब्द सुचत नसत. गाणं गाजल्यावर मात्र एका दुपारी केसरने स्वतःहून फोन केला आणि खेमीला म्हणाली, भावाला दे. उत्कर्षा तेव्हा तिथेच होती, कंपनीने पाठवलेली छायाचित्रं खेतोला दाखवत होती. फोन स्पीकरवर होता. इतक्या वर्षांत उत्कर्षाला ढाटकी बऱ्यापैकी कळू लागली होती.

केसरने आधी गाण्याचं कौतुक केलं. पहिली दोन कडवी चांगली आहेत म्हणाली. मग म्हणाली, “तिसऱ्यात मी स्टेशनवर रडते आहे. मी स्टेशनवर आलेच नव्हते, खेता. त्या दिवशी माझा नर्सिंगचा पेपर होता.”

खेतो म्हणाला, “मी तुला पाहिलं होतं. लाल ओढणीत.”

“कुणी दुसरी असेल. माझा व्हिसा आला होता. मी नाही म्हटलं. मला शिकायचं होतं, आणि आजोबांना सोडायचं नव्हतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती सांगत गेली: आता ती थरमधल्याच मिठी गावच्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्या हाताखाली चार मुली आहेत, नवरा शाळेत शिकवतो, दोन मुलं आहेत. तिचं दुःख हे होतं की दवाखान्यात येणाऱ्या बायका आता तिला ती बिचारी म्हणून बघायला येतात. एकीने तर बाळंतपणाच्या कळा येत असताना तिचा हात धरून तिचंच सांत्वन केलं. हे सांगताना ती थोडी हसली. “तू मला जगापुढे अर्धी करून टाकलंस,” ती म्हणाली. “जमलं तर काढ ते.”

धनजी मशीनवर बसला होता. खेतोने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने उशीची शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि म्हणाला की व्हिसा आला होता, हे खरं आहे. वयात आलेली, लग्न न झालेली मुलगी बापाला नाही म्हणते, हे तो जातभाईंना काय तोंडाने सांगणार होता? म्हणून व्हिसा नाकारला असं सांगितलं. पोराला तेच सांगितलं, कारण पोरं बोलतात. खेमी स्वयंपाकाच्या कट्ट्याशी पाठमोरी उभी राहिली आणि वळली नाही.

उत्कर्षा छायाचित्रं गोळा करून घरी आली. शालिनीने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, बहिणीचा फोन होता.

खेतोने कंपनीला कळवलं की तिसरं कडवं खरं नाही, गाणं काढून टाका. कंपनीकडचा माणूस चांगला होता, समजुतीने बोलला. त्याचं म्हणणं असं की गाण्यात भावना खरी असली की पुरते. शिवाय ध्वनिमुद्रण कंपनीचं आहे, ते निघणार नाही. गच्चीवरचा पहिला व्हिडिओ उत्कर्षाने काढून टाकला, पण तोवर त्याच्या प्रती इतक्या ठिकाणी पसरल्या होत्या की काढून काही उपयोग नव्हता. खेतोच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ते कडवं स्वतः न गाणं. तो ते गायचा बंद झाला.

त्या हिवाळ्यात बडोद्यातच एका कॉलेजच्या महोत्सवात त्याचा कार्यक्रम होता. मैदान भरलं होतं. चाळीतले लोक, सुभानराव आणि शालिनी पुढच्या खुर्च्यांवर होते. उत्कर्षा मंचाच्या बाजूला उभी होती. दोन कडवी झाली आणि खेतो थांबला. पोरं ओरडू लागली, बहनवालं, बहनवालं. खेतोने गुजरातीत सांगितलं की त्याची बहीण मजेत आहे, नर्स आहे, आणि हे कडवं ऐकून तिने त्याला झापलंय. लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. मग मागून कुणीतरी कडवं सुरू केलं, आणि बघता बघता सगळं मैदान गाऊ लागलं. ढाटकी न कळणारी हजारो पोरं प्रत्येक शब्द बरोबर म्हणत होती, काहींनी डोळे मिटले होते. खेतो माईक खाली धरून उभा होता. उत्कर्षाला त्याचा चेहरा दिसत होता. तो ऐकत होता, दुसऱ्याच कुणाचं गाणं ऐकावं तसा. शेवटच्या ओळीला त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. कडवं संपल्यावर टाळ्या झाल्या. त्याने माईक वर घेतला, “आभार” म्हणाला आणि पुढचं गाणं धरलं. ते कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या मध्यावर लोक उठून खाण्याच्या गाड्यांकडे जाऊ लागले.

घरी जाताना सुभानराव म्हणाले, बोलला ते बरं केलं. शालिनी म्हणाली, पण गायला असता तर लोकांना बरं वाटलं असतं.

करार संपल्यावर कंपनीने तो वाढवला नाही. खेतोने स्वतःच्या खात्यावर आणखी गाणी टाकली: बापाच्या गाद्या-उशांच्या कामावर, बाजव्याच्या वासावर, आणि एक केसरवर, ज्यात ती पेपर लिहून घरी येते आणि घरात आजोबा तेवढे उरलेले असतात. पण ती रडत नाही, भाकरी करते. जुन्या गाण्याच्या मानाने ते फारच थोड्यांनी पाहिलं. कुणी खाली लिहिलं की पूर्वीचा दर्द राहिला नाही.

आता तो बडोद्यातच, छाणीला, एका लहान स्टुडिओत काम करतो. दुकानांच्या जाहिराती, नवरात्रीच्या आधी गरब्याची ध्वनिमुद्रणं, असं. मध्यंतरी त्याला आणि आईबापांना इथलं नागरिकत्व मिळालं; धनजीने चाळीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसला. उत्कर्षाला मकरपुऱ्यात नोकरी लागली, तेव्हा तिने खातं खेतोच्या स्वाधीन केलं.

गाणी तो अजून करतो. टाकण्याआधी केसरला पाठवतो. ती ड्यूटी संपल्यावर ऐकते आणि उत्तर पाठवते, बहुतेक वेळा चुका काढून. तिच्या मते त्याची ढाटकी बिघडत चालली आहे, मधे गुजराती शब्द फार येतात. खेतो काही शब्द बदलतो आणि काही तसेच ठेवतो. त्यावरून त्यांचं बरंच भांडण होतं. खेमीला फोन मिळायला हल्ली थांबावं लागतं.