थोरलीचा दसरा

महाळुंग्याला गोरक्षच्या आवारात कंपन्यांच्या बसगाड्या ओळीनं उभ्या असत. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. नंबर वाचल्याशिवाय एक दुसरीपासून ओळखू यायची नाही. ओळीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, एक गाडी मात्र अशी होती की तिला नंबराची गरज नव्हती. पुढं लांब नाक, डोळ्यांसारखे दोन गोल दिवे, अंगाला निळा रंग आणि खिडक्यांवर सायीच्या रंगाचा पट्टा. गावात तिला कुणी बस म्हणत नसे. थोरली म्हणत. घरात कितीही सुना आल्या तरी थोरलीचा मान थोरलीलाच, तसं होतं ते.

थोरली गोरक्षच्या आईची, रतनबाईची. तिच्या नवऱ्यानं, सावळारामनं, ती जुनी म्हणूनच घेतली होती, आणि त्यालाही आता जन्म लोटला. तेव्हा या माळावर एकही कारखाना नव्हता. चाकणच्या बाजाराला कांदे-बटाटे आणि माणसं एकाच गाडीतून जायची, आणि येताना गाडीत कांद्याचा वास उरायचा. पुढं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना माणसं हवी झाली तेव्हा पहाटेच्या शिफ्टला गावची पोरं थोरलीतूनच गेली. त्यातली कितीतरी पोरं तिथूनच पेन्शनीत निघाली. रतनबाई स्वतः बैलगाडीतून नांदायला आली होती, पण तिच्यानंतर गावात आलेली जवळजवळ प्रत्येक सून थोरलीतून उतरली होती. एकेकीचं रडू त्या रेक्झिनच्या सीटांनी पुसलं होतं.

सावळाराम गेल्यावर गाडी उभी राहील असं लोकांना वाटलं. पण रतनबाईनं ती उभी राहू दिली नाही. दर रविवारी सकाळी ती स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर चढायची, इंजिन चालू करायची, आणि चहा गार होईपर्यंत त्याचा आवाज ऐकत बसायची. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात तंबाखूची पुरचुंडी ठेवायची. रेडिएटरचं पितळी टोपण चिंचेनं घासायची, सीटांना खोबरेल लावायची. नातीनं, संस्कृतीनं, एकदा विचारलं होतं की आज्जी, तू गाडी सांभाळतेस का म्हातारी सासू? रतनबाई म्हणाली होती की सासूला इतकं तेल कुणी लावलं नसतं.

दसऱ्याला थोरली बाहेर निघायची. गावातल्या जुन्या बायका तिच्यात बसून इंद्रायणीच्या पुलापर्यंत जायच्या, तिथं एकमेकींना सोनं द्यायच्या आणि परत यायच्या. सीमोल्लंघन म्हणायचं ते हेच. गेल्या वर्षी मात्र गाडी भर चौकात बंद पडली. मागं कंटेनरांची रांग लागली, लोक हॉर्न वाजवून शिव्या द्यायला लागले, आणि नटूनथटून निघालेल्या बायकांना रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहावं लागलं. गोरक्षनं ती नव्या बसला बांधून ओढत आणली. पुढं तळेगाव रस्त्यावरच्या हॉटेलवाल्या यशवंतरावांनी थोरली मागितली, तेव्हा त्यानं आईपाशी विषय काढला. इंजिन काढून आत टेबलं मांडायची, रंग आहे तसा ठेवायचा, लोक मुद्दाम बघायला येतील, असं यशवंतरावांचं म्हणणं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याचे वडीलही थोरलीतूनच शिफ्टला गेलेले.

गोरक्षचं म्हणणंही खोटं नव्हतं. आई थकली होती, आवारात जागा कमी पडत होती, आणि गाडी पुन्हा रस्त्यात बंद पडली तर कुणाचा तरी जीव जायचा. रतनबाईनं पुष्कळ दिवस विचार केला. मग तीच म्हणाली, या दसऱ्याला पुलापर्यंत जाऊन आली तर गाडी घरात. नाही आली तर यशवंतरावांकडं. शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं दिला होता, म्हणून तो मोडायची सोय नव्हती.

मग उरलेलं वर्षभर तिनं गाडीचं काय काय करून घेतलं. रेडिएटर साफ झाला, बेल्ट बदलला, ब्रेक झाले. श्रावणापासून एका रविवारीही थोरलीनं चालू व्हायला कुरकुर केली नव्हती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गोरक्षनं ड्रायव्हरांना सांगितलं की सगळ्या गाड्यांच्या टाक्या भरून घ्या. ही सावळारामची रीत. सणाला घरात रिकामी घागर नको, तशी दारात रिकाम्या टाकीची गाडी नको. काम पडलं कुलदीपकडं. हा लातूरकडचा, दिवाळीनंतर लग्न ठरलेला, या गावात नवा. सणासाठी गावी जायला सुट्टी न मिळालेला तो एकटाच, म्हणून घरची आठवण दाबायला जास्तच मन लावून काम करत होता.

आता नव्या गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक गोष्ट लागते. धूर कमी व्हावा म्हणून पाण्यासारखं एक औषध वेगळ्या टाकीत घालतात. ड्रायव्हर त्याला नुसतं युरिया म्हणतात. कुलदीपनं ओळीतल्या प्रत्येक गाडीत एका तोंडातून डिझेल घातलं आणि दुसऱ्या तोंडातून युरिया. शेवटी थोरलीपाशी आला. तिलाही दोन बाजूंना दोन तोंडं होती.

खंडेनवमीला सकाळी आवार सारवल्यासारखं स्वच्छ झालं. थोरलीला झेंडूचा जाडजूड हार घातला. तिच्या नाकापुढं रांगोळी, रांगोळीत पाट, आणि पाटावर सावळारामचे पाने मांडले. पाने म्हणजे नटबोल्ट फिरवायचे. थोरलीचे नट जुन्या इंची मापाचे. नव्या गाड्यांच्या पान्यांतला एकही तिला बसायचा नाही. म्हणून सावळारामचा तो संच जपून ठेवलेला होता. रतनबाईनं एकेक पाना पुसून त्याला हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं. पूजेत बसलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं.

यशवंतरावही आले होते. संस्कृती त्यांना गाडी दाखवत होती. ती ताथवड्याच्या कॉलेजात शिकत होती आणि आजोबांच्या करामती सांगायची तिला हौस होती. भीमाशंकरच्या यात्रेला वाटेत डिझेल मिळायचं नाही, म्हणून आजोबांनी या बाजूलाही एक टाकी बसवली, असं ती सांगत होती. दोन्ही टाक्या खालून एका नळीनं जोडल्यात. कुठूनही भरा, डिझेल एकच.

आरती झाली. आरतीनंतर रतनबाईनं गाडी चालू करायची आणि मग प्रसाद, असा शिरस्ता. ती पदर खोचून जागेवर चढली, देवाचं नाव घेतलं आणि स्टार्टरच्या दांडीला हात घातला. तेवढ्यात संस्कृतीचं दोन टाक्यांचं बोलणं कुलदीपच्या डोक्यात उतरलं, आणि तो हातातली प्रसादाची ताटली तशीच टाकून पुढं धावला. रांगोळी तुडवत थेट गाडीच्या नाकाला भिडला.

"आजी, चालू करू नका," तो म्हणाला. "मी युरिया टाकलो हिच्यात. त्या बाजूनं. मला वाटलं युरियाचंच तोंड हाय ते."

गोरक्षच्या कपाळाची शीर उडायला लागली. युरिया डिझेलपेक्षा जड. तो तळाला बसतो आणि सगळ्यात आधी पंपात शिरतो. पंपात गेला की पंप मेला. आणि या गाडीचा डिझेल पंप आता भंगारातही मिळत नाही, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रतनबाईचा हात अजून दांडीवरच होता. तिनं तो हळूच काढून मांडीवर ठेवला.

मग गोरक्ष सुटला. डोळे काय गावी ठेवून आलास का, भावा, इथपासून त्याचं सुरू झालं. कुलदीप मान खाली घालून ऐकत होता. यशवंतराव मधे पडले. ते म्हणाले की गोरक्षशेठ, हा गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं. म्हातारी गाडी म्हातारपणानं गेली म्हणाले असते सगळे, आणि मला आयती मिळाली असती.

रतनबाई वर बसून हे ऐकत होती. तिला सावळाराम आठवला. गाडी भरधाव असताना मागून एखादं माणूस ओरडायचं की मालक, चाकाखालून आवाज येतोय, आणि सावळाराम तिथल्या तिथं गाडी थांबवायचा. बहुतेकदा आवाज कुणाच्या तरी हंड्याचा असायचा. लोक हसायचे. पण सावळाराम त्या माणसाला उठवून आपल्याशेजारी बसवायचा आणि उतरताना त्याला हात जोडायचा. एकदा तिनं विचारलं होतं की हंडा वाजला तरी हात का जोडायचे? तो म्हणाला होता की आज हसं झालं म्हणून उद्या तो बोलला नाही तर मी मेलो.

ती खाली उतरली. गोरक्षला म्हणाली, "आधी टाक्या खाली करा. रागाचं मग बघू."

टाक्या खाली करायच्या म्हणजे नळ्या सोडायच्या, फिल्टर उघडायचे, टाकी उतरवून धुवायची. आणि त्याला पाने लागणार. सगळ्यांची नजर पाटाकडं गेली. निरांजन अजून जळत होतं. गोरक्षच्या जुन्या फिटरनं, बुद्धरत्ननं, हळूच सांगितलं की युरिया आणखी एक रात्र राहिला तर लोखंड खाईल, नळीत त्याचे खडे होतील. परवावर ढकलता येणार नाही. गोरक्ष म्हणाला की असू दे, आई, तुझा शब्द मी धरत नाही, पुढच्या महिन्यात निवांत करू. तो मनापासून बोलत होता. पण शब्द त्यानं धरला नाही तरी रतनबाईला तो धरावाच लागणार होता.

तिनं आपल्या मोठ्या जावेकडं पाहिलं. आक्काबाई खुर्चीत बसली होती. नव्वदीला टेकलेली, सोवळ्याओवळ्याची कडक, घरातला प्रत्येक सण जिच्या शब्दावर व्हायचा अशी. तिच्यापुढं पाटावरचं हत्यार उचलायची छाती सावळारामचीही झाली नसती.

"आक्का," रतनबाई म्हणाली, "पाने लागत्यात. काय करू?"

आक्काबाईनं ओठ चावले. पाटाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि ताटली टाकून धावलेल्या त्या पोराकडंही पाहिलं.

"उचल," ती म्हणाली. "हळदकुंकू लावलंय त्येला, कुलूप न्हाई लावलं."

बायकांमध्ये खसखस पिकली. रतनबाई पाटापाशी गेली, वाकून नमस्कार केला आणि नळीच्या नटाचा पाना उचलला. फूल गळून खाली पडलं. तो पाना तिनं गोरक्षला दिला नाही, बुद्धरत्नला दिला नाही. कुलदीपच्या हातात दिला.

"मी नको, आजी," तो म्हणाला. "माझ्या हातानं आधीच..."

"तुझ्याच हातानं. कुठं काय घातलंस ते तुला म्हायती हाय, आमाला न्हाई."

मग सण बाजूला राहिला आणि आवारात लगीनघाई उडाली. कुलदीप गाडीखाली शिरला. नट सुटला तशी त्याच्या तोंडावर धार आली, आणि बुद्धरत्न म्हणाला की आज नवरदेवाला उटणं लागलं. संस्कृती नव्या साडीचा पदर बांधून नळ्यांतून हवा फुंकायला बसली. टाकी उतरवली, डिझेलनं पुन्हा पुन्हा खळबळून धुतली, उलटी करून उन्हात ठेवली. गोरक्षचा राग पहिला तासभर भांड्यांवर निघाला, मग तोही हातोपे सारून फिल्टर उघडायला बसला. यशवंतरावांनी हॉटेलातून सगळ्यांसाठी जेवण मागवलं. आपल्याला न मिळणाऱ्या गाडीसाठी मी का खर्च करतोय हे मलाच कळत नाही, असं ते दोनदा म्हणाले, आणि दोन्हीदा हसले.

दिवे लागायच्या सुमाराला गाडी जुळली. नळ्यांत शिरलेली हवा कुलदीपनं पंपाच्या दांड्यानं काढली. बुडबुडे बंद होऊन निव्वळ डिझेलची धार येईपर्यंत तो दांडा मारत राहिला. रतनबाई वर चढली. पहिल्यांदा दांडी ओढली तर नुसती घरघर. दुसऱ्यांदा ओढली तर गाडी खोकली आणि धुराचा पांढरा लोट सोडून गप्प झाली. तिसऱ्यांदा ओढताना तिनं डोळे मिटले होते, म्हणून गाडी चालू झाली हे तिला आधी पायांना कळलं. मग कानांना. तो जाड, सावकाश, घशातला आवाज. तिनं देवाकडं काही मागितलं नाही. ती नुसती बसून राहिली, आणि ज्यांनी ज्यांनी आजवर या गाडीला हात लावला ते सगळे तिला आठवत राहिले: गेलेले, असलेले, आणि आजचा हा नवा.

दसऱ्याला थोरली निघाली. स्टीअरिंगवर कुलदीप. गिअर बदलताना तो अडखळला की आक्काबाई मागून सांगायची की मधे दम घेऊ दे तिला, सुनेला इतकं घाईनं हाकत न्हाईत. कारखाने बंद होते, फाटकाफाटकाला झेंडूच्या माळा होत्या. चौकातून गाडी पुढं गेली तेव्हा आतल्या बायका एकदम बोलायच्या थांबल्या, आणि चौक मागं पडल्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

गोरक्ष जीप घेऊन मागं येत होता. जीपमध्ये ओढायचा दोर होता; तो त्यानं आईला दिसू नये म्हणून सीटखाली ठेवला होता, आणि आईनं तो घरीच पाहिला होता. पुलापाशी बायका उतरल्या, एकमेकींना आपट्याची पानं दिली, पाया पडल्या. परत निघताना सगळ्या बसल्या तरी गोरक्ष गाडीच्या दाराशीच रेंगाळत होता. मग त्यानं जीपची किल्ली बरोबर आलेल्या बुद्धरत्नकडं फेकली आणि दोरासकट जीप पुढं घरी न्यायला सांगितलं.

"आई, जागा हाय का आत?" त्यानं विचारलं. "उभा राहीन. लहानपणी शाळेला जाताना उभाच राहायचो."

रतनबाई खिडकीकडं सरकली आणि शेजारची जागा पदरानं पुसली.