दोन राखणदार

"फुकट देनारा खातो काय, ते आधी सांग," लवूअण्णा खुर्चीत टेकत म्हणाले.

मी रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. नवा घ्या, हे माझं ठरलेलं उत्तर. ते माझं देऊन झालं होतं, अण्णांनी ते ऐकलंही नव्हतं. लवू पाष्टे हे पूर्णगडच्या आतल्या एका वाडीतले, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. शाळेने मोडीत काढलेलं विंडोज सेव्हनचं मशीन त्यांनी घरी नेलं होतं. त्याला त्यांना अँटीव्हायरस हवा होता, तोही फुकटातला. पण फुकटवाल्याचं पोट कशावर चालतं हे कळल्याशिवाय ते त्याला घरात घेणार नव्हते.

मी सांगितलं, काहीजण विकतचं घ्या म्हणून सारखे मागे लागतात, काहीजण आपली माहिती गोळा करतात. अण्णांनी विचार केला. "माझी माहिती म्हंजे विहिरीचं पानी," ते म्हणाले. "नेऊ दे."

ते खरंच होतं. बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या एका प्रकल्पासाठी हेडमास्तरांनी त्यांना वाडीच्या विहिरीचं पाणी रोज मोजायला सांगितलं. पोरांचा प्रकल्प महिन्यात संपला, अण्णांचा संपलाच नाही. रोज संध्याकाळी फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी सोडायची आणि आकडा लिहायचा. पुढे वह्यांना वाळवी लागली, तेव्हा वाचता येत होतं तोवर त्यांनी एका बोटाने सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. दुसरी प्रत एका पेनड्राइव्हवर होती, आणि व्हायरस नेमका त्यातूनच आला होता. मी तो पुसला तेव्हा ती प्रतही गेली.

जुन्या मशीनवर चालतील असे तीनच फुकटे मला सापडले. अण्णांनी एकेक आठवडाभर लावून पाहिला. पहिला लावला की मशीन सुरू होईपर्यंत चुलीवर तांदळाची पेज शिजून व्हायची. दुसऱ्याला सारखं नेट लागायचं, आणि रेंज तर वाडीवरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर चढल्याशिवाय मिळत नाही. तिसरा हलका होता. मी म्हटलं, हाच ठेवा. माझ्याकडे येणारी शिकलेली माणसंही इतकी पारख करत नाहीत. जाहिरात बघतात आणि बटण दाबतात.

पण एवढी पारख करून अण्णांनी माती खाल्लीच. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते मशीन गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. मशीन मधेच अडकत होतं आणि विहिरीची फाइल गायब होती.

सुनावणी होती सड्यावरच्या बोअरवेलची. बाहेरच्या एका बागायतदाराने दोन वर्षांपूर्वी तिथे एक बोअर मारली आणि वाडीची विहीर मार्चातच तळाला जाऊ लागली. आता त्याला आणखी तीन हव्या होत्या. वाडीकडे पुरावा एकच, अण्णांचे आकडे.

मशीन उघडून पाहतो तर आत दोन अँटीव्हायरस. मी कपाळाला हात लावला. अण्णा ओशाळून म्हणाले, "गावाला येशीवर एक राखनदार नि देवळात एक. म्हटलं, याला पन दोन असूदेत."

ते दोघे एकमेकांनाच चोर समजून भांडत होते आणि त्या गडबडीत एकाने अण्णांची फाइलच कोंडून घातली होती. एकाला काढून टाकलं, हलका तो ठेवला आणि फाइल सोडवली.

मग सगळ्या तारखा तपासल्या. आठ हजारांवर दिवस ओळीने बसलेले होते, फक्त २०१७च्या जूनमध्ये एक चौकट रिकामी. आकडा उडाला असं वाटून मी म्हटलं, मागचापुढचा बघून भरून टाकू, नाहीतर बागायतदाराचा वकील उद्या इथेच बोट ठेवील.

"नको," अण्णा म्हणाले. "ती रिकामीच हाय. तशीच छाप."

मला राग आला. सगळ्या वाडीचं पाणी पणाला लागलेलं आणि हा माणूस एका आकड्यासाठी अडून बसलेला. तरी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्याबरोबर सुनावणीला गेलो.

वकिलाने तेच केलं. हे सगळं घरी बसून रचलेलं आहे, म्हणाला, आणि वर एक दिवस विसरलेही आहेत. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पान उलटून ती चौकट पाहिली आणि त्या दिवशी काय झालं होतं ते विचारलं.

अण्णा उभे राहिले. "त्या दिशी घरातली गेली, साहेब. सगळं आटपून मी गेलो होतो विहिरीवर. दोरी सोडली, पन डोळ्यांना गाठच दिसंना. मग आकडा कसा लिवनार?"

वकील खाली बसला. साहेबांनी नोंदी ग्राह्य धरल्याचं लिहिलं, बोअरची परवानगी थांबवली आणि कागद सहीसाठी अण्णांपुढे सरकवला.

अण्णांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि पिशवी उचलली. मी चहाला थांबा म्हणालो, पण ते थांबले नाहीत. चारची एसटी चुकली असती, तर अंधार पडायच्या आत विहिरीवर पोचता आलं नसतं.