उलट्या बाजूने लावलेली फरशी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली, त्यामुळे ऑपरेटरबाईंना स्वतःला बोलायला फुरसत मिळाली ती निवृत्तीनंतरच. मग मात्र त्यांनी सगळा अनुशेष भरून काढला. शेजारीपाजारी, भाजीवाला, चुकून लागलेला राँग नंबर, कुणी सुटलं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कामासाठी कायम फिरतीवर. घरात उरली सून. ती दातांची डॉक्टर. दिवसभर तिच्यापुढे माणसं तोंड उघडून बसायची आणि एक शब्द बोलायची नाहीत. त्यामुळे संध्याकाळी सासू-सुना समोरासमोर आल्या की दोघींच्या गप्पांना ऊत यायचा.

अशा बाई एके दिवशी शॉवरखाली घसरल्या. मोडलं काही नाही, पण बूड चांगलंच शेकून निघालं. सुनेने लगोलग रबरी चटई आणली. दुसऱ्या दिवशी चटई बाईंना घेऊन घसरली. मग मात्र बाथरूमची फरशीच बदलायचं ठरलं, आणि मिस्त्री घरी आले.

मिस्त्री म्हणजे उंच, सडसडीत, अबोल माणूस. तेही एकटेच. त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे सुकलेल्या सिमेंटातून खिळा काढणं, असं त्यांना ओळखणारे म्हणत. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या, त्या गुळगुळीत फरशीवरून अनवाणी एक फेरी मारली आणि म्हणाले, "घसरणारच." एवढंच. पण त्या एका शब्दाने बाईंना इतका धीर आला की पुढचा तासभर त्या बोलत राहिल्या आणि मिस्त्री ऐकत राहिले. नुसते मान डोलावत नव्हते, खरोखर ऐकत होते. मध्येच त्यांनी बाईंच्या एका जुन्या किश्श्यातली चूकसुद्धा दाखवली. अगोदर तुम्ही पाऊस होता म्हणालात आणि आता ऊन म्हणताय, असं ते म्हणाले तेव्हा बाईंनी खूश होऊन किस्सा पहिल्यापासून पुन्हा सांगितला.

ते खरबरीत फरशांचे नमुने घेऊन आले. शॉवरखाली लहान आकाराच्याच हव्यात, सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त आणि उतारही नीट साधतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. बाईंनी एकेक नमुना दारात ठेवून त्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि वर उभ्या राहून पाहिलं. तोल जाऊ नये म्हणून हात मिस्त्रींच्या खांद्यावर. नमुने होते मोजकेच, पण त्यांनी ते दोन-दोनदा तपासले. सुनेने खिडकीतून हे पाहिलं आणि ती कामावर जाताना शीळ घालत गेली.

जुनी फरशी निघाली. खाली गळती अडवणारा थर बसला, उतार झाला. मिस्त्रींनी एक गोटी सोडली, ती गडगडत थेट पाण्याच्या जाळीवर जाऊन थांबली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनीही गोटी सोडून पाहिली. मग पुन्हा एकदा.

फरशी लावायच्या दिवशी बाईंनी पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकलं आणि बोलायला सुरुवात केली. बाथरूम लांबट, अरुंद. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला शॉवर. मिस्त्री सिमेंटचा मसाला पसरत, दातेरी पट्टी ओढत, फरशी दाबत, वर रबरी हातोड्याने टकटक करत, आणि अधूनमधून मान वर करून हसत. बाईंनी त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. दोघांचंही काम रंगात आलं होतं.

मग टकटक थांबली. मिस्त्रींनी पायाकडे पाहिलं. पुढे पाहिलं. ते शॉवरच्या कोपऱ्यात उभे होते, खाली दोन पावलं आणि बादली जेमतेम मावेल एवढीच मोकळी जागा, आणि दारापर्यंत सगळी ताजी, ओली फरशी. पाय ठेवला की कामाची माती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"दाराकडून सुरुवात केली," मिस्त्री म्हणाले. "उलटं झालं."

फरशी आतल्या भिंतीपासून लावत दाराकडे मागे यायचं असतं, एवढं आता बाईंनाही कळत होतं. इतक्या मुरलेल्या माणसाची अशी चूक कशी झाली, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींचे कान लाल झाले.

"नेहमीसारखी लावली असती, तर तुमच्याकडे पाठ झाली असती."

ऑपरेटरबाईंची लाइन कटली. मग आतून हसू असं उसळून आलं की स्टूल डगमगायला लागलं. मिस्त्रीही हसायला लागले, पण भिंतीला धरून, कारण तोल गेला असता तर फरशीवरच आडवे झाले असते.

डोळे पुसून बाई सरळ बसल्या. "मिस्त्री, आता तुम्हाला पळून जायला जागा नाही, तेव्हा विचारूनच टाकते. लग्न कराल माझ्याशी?"

मिस्त्री खाली वाकले. हाताजवळची एक फरशी त्यांनी अंगठ्याने दाबली, पाणसळ लावून उतार बरोबर आहे ना ते पाहिलं, मग उठून म्हणाले, "मी घोरतो."

"मी बोलते," बाई म्हणाल्या. "पाळ्या लावून घेऊ."

"मग करू या," मिस्त्री म्हणाले.

नेमकी त्याच वेळी सून दवाखान्यातून जेवायला घरी आली. बाईंनी तिला दोन्ही बातम्या एका दमात सांगितल्या, लग्नाची आणि कोपऱ्याची. सून पॅसेजमध्येच फतकल मारून बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मग उठून तिने सासूला घट्ट मिठी मारली आणि माळ्यावरची शिडी काढली. शिडीचं एक टोक दाराच्या उंबऱ्यावर टेकलं, दुसरं मिस्त्रींनी पालथ्या घातलेल्या बादलीवर. मिस्त्री चार पायांवर निघाले. खाली ओली फरशी, वर शिडी, शिडीवर नवरदेव. दोघींनी अलीकडचं टोक दाबून धरलं होतं आणि हसू आवरत नसल्यामुळे शिडी थरथरत होती.

ते अर्ध्या वाटेवर असताना सुनेचा फोन वाजला. मुलगा होता. आवाज कसला येतोय, काय चाललंय, असं तो विचारत होता.

"काही नाही रे," सून म्हणाली, "माझे सासरे शिडीवरून येताहेत."

तिने फोन स्पीकरवर टाकला. मग मुलाने फरशीवाले मिस्त्री का, असं विचारलं. आईच्या फोनवर हल्ली दुसरा विषयच नसतो, असंही म्हणाला. आणि शेवटी, "सावकाश येऊ देत. घाई करू नका म्हणावं."

मिस्त्री थांबले. शिडीवर तसेच ओणवे राहून त्यांनी बाहीने नाक पुसलं. मग उरलेलं अंतर ते इतक्या जपून आले की जणू खाली दरी होती.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली राहिलेली फरशी बसली आणि मग सांधे भरायला घेतले. बाईंनी भरावासाठी फिकट हिरवा रंग निवडला होता. मिस्त्री रबरी पट्टीने तो सांध्यांत दाबून बसवत होते, मागून बाई ओल्या स्पंजने फरशी पुसत होत्या. फार पाणी नको, सांधा धुऊन निघेल, असं मिस्त्री सांगत. बाई हो म्हणत आणि स्पंज पुन्हा बुडवत. सुनेने त्या दिवशी दवाखाना बंदच ठेवला होता आणि ती उंबऱ्यावर बसून लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं ते मोठ्याने ठरवत होती. कुणीच तिचं ऐकत नव्हतं. बाईंच्या नाकाला हिरवा ठिपका लागला होता. मिस्त्रींनी तो पुसायला बोट पुढे केलं, पण बोटही हिरवंच होतं.